भीमसेन सक्सेना
भीमसेन सक्सेना : (जन्म १६४९). औरंगजेबाच्या काळातील मोगल अंमलदार आणि ‘नुस्खा-इ-दिल्कुशा’ (तारीख-इ-दिल्कुशा) या फार्सी ग्रंथाचा कर्ता. जन्म बुऱ्हाणपूरच्या कायस्थ घराण्यात. वडील रघुनंदनदास आणि चुलते भगवानदास दोघेही बादशाही नोकरीत. चुलत्यांना ‘दियानतराय’ हा किताब होता. लहानपणीच तो औरंगाबादेस आला आणि पुढे घराण्याच्या वाटेने दप्तरात शिरला.

सुरतेची दुसरी लूट घेऊन शिवाजी महाराज परतत असता ऑक्टोबर १६७० मध्ये वणी-दिंडोरीला दाऊदखान कुरेशीशी त्यांची गाठ पडली. त्या लढाईत भीमसेन मोगल फौजेबरोबर होता. नंतर तो दतियाचा राजा दलपतराव बुंदेला याच्या पदरी राहिला आणि दख्खन व कर्नाटकातल्या मोहिमा त्याने छावणीतून पाहिल्या.

दिल्कुशाचे खरे मोल लढायांच्या वर्णनापेक्षा त्यातल्या कारभाराच्या माहितीत आहे. बादशहाच्या आज्ञेने लिहिणाऱ्या इतिहासकारांना जे लिहिता आले नसते, ते भीमसेन सरळ लिहितो. जहागीर, म्हणजे पगाराऐवजी नेमून दिलेला गावांचा महसूल, पुढच्या वर्षी आपल्याकडे राहील याची मनसबदाराला, म्हणजे बादशाही अंमलदाराला, खात्री नसे. म्हणून वसुलीवर माणूस धाडण्याआधीच तो त्याच्याकडून कर्जाऊ रक्कम उचली. गावात पोचलेल्या त्या माणसालाही धास्ती असे, की जास्त रक्कम देणारा दुसरा कोणी मागून येतोच आहे. मग मिळेल तेवढे तो जुलमाने ओरबाडी. नाडलेली रयत अखेर हत्यार घेऊन मराठ्यांना मिळे. मोगल सत्ता दख्खनेत का खचली, याचे इतके नेमके निदान समकालीन लेखनात क्वचितच सापडते.

वर्षानुवर्षे चाललेल्या स्वारीने लष्करी लोकांनी बायकापोरे छावणीतच आणली. तिथे जन्मलेली मुले घर कसे असते हे न पाहताच म्हातारी झाली, तंबूखेरीज निवारा त्यांना ठाऊकच नव्हता, असे तो कळवळून सांगतो.

दलपतरावाविषयी त्याच्या मनात ओढा आहे. त्या ठिकाणी त्याचा शब्द पारखून घ्यावा लागतो. औरंगजेबाच्या मुलांत तख्तासाठी जून १७०७ मध्ये झालेल्या जाजऊच्या लढाईत त्यांपैकी आजमशहाच्या बाजूने लढताना दलपतराव पडला. ग्रंथातील हकिकत १७०९ पर्यंत येते. जदुनाथ सरकारांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर महाराष्ट्राच्या पुराभिलेख विभागाने १९७२ साली प्रसिद्ध केले.