बाटली आकसली, पिशवी का नाही?

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांवर चहा येतो तो पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीतून. तोंडाला गाठ मारलेली, हाताला चटका देणारी पिशवी. पण तिला काही होत नाही. (तब्येतीला हे बरं नाही, तो विषय वेगळा.) एकदा पिशव्या संपल्या म्हणून तोच चहा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतलेला मी पाहिला. बघता बघता बाटलीचे खांदे बसले, कंबर वाकडी झाली, बूड आत ओढलं गेलं. झाकणाखालचा जाड गळा तेवढा जागेवर राहिला. ‘वितळली की बाटली!’ सगळे म्हणाले.

वितळली नव्हती. बाटलीचं पॉलिएस्टर, म्हणजे पेट, वितळायला २५० अंशांच्या आसपास तापावं लागतं. चहा शंभरापुढे जात नाही. चहाने ओलांडला तो वेगळाच उंबरठा: काच-संक्रमण तापमान. प्रयोगशाळेत नुसतं ‘टीजी’ म्हणतात. पेटचा टीजी ७० ते ८० अंशांच्या दरम्यान. त्याच्या खाली रेणूंच्या लांब साखळ्या जागच्या जागी गोठलेल्या असतात, मांडणी मात्र द्रवासारखी अस्ताव्यस्त. काचेत असते तशी. वर गेलं की साखळ्यांचे तुकडे वळवळू लागतात. बाटली घडवताना जाड नळीसारखा प्रीफॉर्म तापवून, ताणून, हवेने फुगवतात आणि ताण असतानाच थंड करतात. चहाने साखळ्या मोकळ्या केल्या आणि त्या मूळ रूपाकडे आकसल्या. गळा ताणलेलाच नसतो, म्हणून तो वाचला. पॉलिथिनच्या पिशवीचा टीजी तर शून्याच्या शंभरेक अंश खाली. ती आपल्या हातात येते तेव्हाच मऊ असते. तिला धरून ठेवतात ते तिच्यातले बारीक स्फटिक, आणि ते चहाला दाद देत नाहीत.

ही समज यायला बराच काळ लागला. काही जण इतिहासाची सुरुवात १८२३ मधल्या मॅकिंटॉशच्या रबरी रेनकोटापासून करतात. थंडीत ताठ, उन्हात चिकट. मला ते पटत नाही. नैसर्गिक रबराचा टीजी शून्याखाली सत्तरेक अंश आहे. इंग्लंडच्या थंडीत कच्चं रबर ताठरतं ते मुख्यतः स्फटिक बनल्यामुळे. खरी सुरुवात दोन वेगळ्या वाटांनी झाली. १९२० मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेरमान श्टाउडिंगर यांनी मांडलं की रबर, स्टार्च, सेल्युलोज ही लहान रेणूंची गर्दी नसून प्रत्यक्ष बंधांनी जोडलेल्या लांब साखळ्या आहेत. त्यावर भरपूर टीका झाली. नोबेल मिळालं ते १९५३ मध्ये. १९२० च्या दशकातच जर्मनीत गुस्ताव टामान काचेच्या अवस्थेचा अभ्यास करत होते आणि अमेरिकेत जॉर्ज पार्क्स ग्लुकोजसारख्या पदार्थांची विशिष्ट उष्णता मोजत होते. काच मऊ होताना आकड्यात उडी दिसे, पण वितळताना लागते तशी अप्रकट उष्णता कुठेच नव्हती.

१९५० मध्ये थॉमस फॉक्स आणि पॉल फ्लोरी यांनी पॉलिस्टायरिन या प्लॅस्टिकवर या दोन वाटा जुळवल्या. साखळी लांब तर टीजी वर, आखूड तर खाली. कारण कळायला सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत जावं. खच्चून गर्दीत हात धरून चाललेल्या पोरांच्या रांगेत मधल्याला हलता येत नाही, टोकाच्याला जरा जागा मिळते. रांगा आखूड केल्या की टोकं वाढतात, म्हणजे मोकळी जागा वाढते, आणि कमी उष्णतेतही हालचाल सुरू होते. लांबी खूप वाढवली की टीजी एका पातळीवर थांबतो. पॉलिस्टायरिनचा शंभर अंशांच्या आसपास.

एवढं झालं तरी हा आकडा उत्कलनबिंदूसारखा ठाम नाही. १९६० च्या दशकात आलेल्या, नमुना ठरावीक वेगाने तापवत उष्णता मोजणाऱ्या नव्या कॅलरीमीटरमुळे मोजणं सोपं झालं, पण तापवण्याचा वेग दहापट बदलला की उत्तर साधारण तीनेक अंशांनी सरकतं. हे खरं अवस्थांतर आहे की साखळ्यांना वेळ न पुरल्याचा परिणाम, हा १९४८ मध्ये वॉल्टर काउझमन यांनी टोकदार केलेला वाद अजून मिटलेला नाही.

कारखानदारांनी मात्र सिद्धांताची वाट पाहिली नाही. पीव्हीसीचा टीजी ८० च्या आसपास, म्हणून ते कडक आणि ठिसूळ. १९२६ मध्ये वाल्डो सेमन यांनी ते उच्च उत्कलनबिंदूच्या द्रावकात तापवलं आणि हाती आला रबरासारखा लवचिक पदार्थ. लहान रेणू साखळ्यांमध्ये शिरले, टीजी खाली आला. आजचं रेक्झिन आणि वायरींचं मऊ आवरण त्यातूनच आलं.

सोलापूरकराला हे वेगळं सांगायला नको, कारण कडक भाकरीत तेच घडतं. ज्वारीचा स्टार्च हाही पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांचाच पदार्थ. पूर्ण कोरड्या स्टार्चचा टीजी २०० अंशांच्या पुढे मानतात. विसेक टक्के पाणी असलं की तो खोलीच्या तापमानाजवळ येतो. ताजी भाकरी म्हणून लवते, आणि पाणी उडवत शेकलेली कडक भाकरी काचेसारखी ‘कट्ट’ मोडते. म्हणूनच ती हवाबंद पाकिटात विकतात. पाकीट फोडून ठेवलं की आषाढातल्या दमट हवेत ती वातड होते. मग घरी तिला परत तव्यावर टाकून टीजी वर चढवायचा आणि लगेच आमटीत चुरून खाली आणायचा.