शेक आणि ऊब: जर्मन घरांतल्या इन्फ्रारेड हीटिंगची पार्श्वभूमी

जर्मनीत भाड्याचं घर पाहायला गेलं की हल्ली काही ठिकाणी खिडकीखालचा गरम पाण्याचा रेडिएटर दिसत नाही. त्याऐवजी छताला किंवा भिंतीला दोन-तीन सेंटीमीटर जाडीचं पांढरं इन्फ्रारेड, म्हणजे किरणांनी शेक देणारं, विजेवरचं पॅनेल लावलेलं असतं. बटण दाबलं की काही मिनिटांत चेहऱ्याला शेक लागतो. पाण्याचे पाइप नाहीत, बॉयलर नाही, धुराडं नाही. बसवायला स्वस्त, देखभाल जवळपास शून्य. वाद आहे तो वीजबिलाचा.

त्याआधी तिथे रात्रीच्या विजेवर तापणारे आणि दिवसभर ती उष्णता सोडणारे विटांचे हीटर आले होते. रात्री वीजकेंद्रं चालू आणि मागणी कमी, म्हणून स्वस्त रात्रदर देऊन 1960च्या दशकात ते घरोघरी गेले. पुढे जुन्या हीटरांपैकी काहींत ॲस्बेस्टॉस निघालं, रात्रदराची सवलतही आटली. 2009 साली मोठ्या इमारतींतले असे हीटर टप्प्याटप्प्याने काढायचा नियम झाला आणि 2013 मध्ये तो मागे घेतला गेला. विजेवरच्या हीटिंगबद्दलचा संशय मात्र तिथल्या लोकांच्या मनात राहिला.

‘इन्फ्रारेड’ या शब्दानेही गोंधळ वाढवला. लालभडक कांडीचा हीटर इन्फ्रारेड, आणि शंभर अंशांच्या आसपास तापणारं पॅनेलही इन्फ्रारेडच. पण असं पॅनेल भिंतीवर असेल तर त्याची साधारण अर्धीच उष्णता किरणांनी येते, बाकीची हवा तापवण्यात जाते. मराठीत आपण शेक आणि ऊब वेगळे मानतो, तोच फरक इथे कामाचा आहे. शेक समोर बसणाऱ्याला लागतो. छताला पॅनेल असलेल्या खोलीत जेवायला बसा: डोकं गरम, टेबलाखालचे गुडघे गार. कपाटामागच्या थंड कोपऱ्यात किरण पोहोचत नाहीत, तिथली बुरशी तशीच राहते. बाथरूममध्ये सकाळची वीस मिनिटं मात्र याच्याइतकी सोय दुसरी नाही.

विक्रेते ‘शंभर टक्के कार्यक्षम’ म्हणतात. ते खरं आहे, पण एक युनिट विजेची एकच युनिट उष्णता मिळते. बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता घरात ओढणारा हीट पंप त्याच युनिटात साधारण तीन देतो. जर्मनीत घरगुती वीज गॅसच्या मानाने बरीच महाग, त्यामुळे अख्खं घर पॅनेलवर चालवणाऱ्याला हिवाळाभर हा फरक भरावा लागतो.

इमारतींच्या ऊर्जावापराबद्दलच्या जर्मन कायद्यात 1 जानेवारी 2024 पासून लागू झालेल्या दुरुस्तीचा रोख इथेच होता. थेट विजेवरचं हीटिंग बसवायचं तर नव्या इमारतीचं उष्णतारोधन किमान निकषापेक्षा 45 टक्क्यांनी सरस हवं. जुन्या इमारतीत 30 टक्क्यांनी, आणि तिथे आधी पाण्यावरचं केंद्रीय हीटिंग असेल तर पुन्हा 45. उद्योगाने ही अट जाचक ठरवली. अट बरोबरच आहे असं मला वाटतं. घरमालक स्वस्त पॅनेल लावून मोकळा होतो आणि बिल भाडेकरू भरतो. हा अन्याय भिंती जाड केल्याशिवाय थांबत नाही.

चुकली ती सवलत. जास्तीत जास्त दोन घरांच्या इमारतीत मालक स्वतः एका घरात राहत असेल, तर ही अट त्याला लागत नाही. स्वतःचं बिल स्वतः भरणारा विचार करूनच पॅनेल लावेल, हा तर्क पटतो. पण त्याच इमारतीतलं दुसरं घर भाड्याने दिलेलं असलं, तर तिथल्या भाडेकरूलाही या अटीचं संरक्षण मिळत नाही.