कुटुंबासाठी जुनी मोटरबोट घेताना: पात्रता, कागदपत्रे, तपासणी आणि बोट नावावर करण्याची प्रक्रिया

विदर्भात जलाशयाच्या काठी घर किंवा शेती असलेल्या कुटुंबाला जुनी मोटरबोट घ्यायची असेल, तर बोट पाहायला जाण्याआधी ती कोणत्या पाण्यात चालवायची आहे हे ठरवावे लागते. बोटीची मालकी मिळाली म्हणजे पाण्यावर जाण्याचा हक्कही मिळाला, असे होत नाही. या दोन बाबींसाठी दोन वेगळ्या कार्यालयांत अर्ज करावे लागतात. अनुभव असा की, बोटीची नोंदणी वेळखाऊ असली तरी होऊन जाते, पाण्याची परवानगी मात्र काही ठिकाणी मिळतच नाही. म्हणून क्रम उलटा ठेवावा: आधी पाणी, मग कागद, मग बोटीचे अंग आणि इंजिन, आणि किमतीची बोलणी सर्वांत शेवटी.

कोणते पाणी, कोणाची परवानगी

गोसीखुर्द, अप्पर वर्धा, इटियाडोह यांसारखे मोठे जलाशय जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत येतात आणि विदर्भातील बहुतेक प्रकल्पांचे काम विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ पाहते. अशा जलाशयात खासगी बोट चालवण्यासाठी त्या धरणाच्या विभागाचे कार्यकारी अभियंता यांच्याकडे लेखी अर्ज करावा. अर्जात बोटीची लांबी, इंजिनाची शक्ती, बसणाऱ्यांची संख्या, बोट कोणत्या गावाच्या काठावरून पाण्यात उतरवली जाईल आणि वर्षातील कोणत्या महिन्यांत चालवली जाईल, एवढे स्पष्ट लिहावे. घरच्या वापरासाठी असे लिहिले असेल, तर पुढे पर्यटकांकडून भाडे घेता येत नाही. भाडे घ्यायचे असेल तर अर्ज, बोटीचा वर्ग आणि विमा हे सगळेच बदलते.

पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलावांची, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातील तलावांची, गोष्ट निराळी आहे. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेले तलाव जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतात, त्याहून मोठे तलाव राज्य शासनाकडे. यांपैकी बहुतेक तलावांवर मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो आणि संस्थेच्या धिवर, भोई सभासदांची जाळी पाण्यात दिवसरात्र लागलेली असतात. इंजिनाचा पंखा जाळ्यातून गेला तर नुकसान त्यांचे होते आणि वैर आपल्या वाट्याला येते. म्हणून कायद्याने मागितले नसले तरी संस्थेचे ना-हरकत पत्र अर्जाला जोडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय कोणत्या टोकाला पाण्याखाली खुंट आहेत आणि मे महिन्यात पाणी कुठपर्यंत मागे हटते, हे त्या लोकांइतके नेमके कोणत्याही नकाशात सापडत नाही.

तोतलाडोहसारख्या व्याघ्र प्रकल्पातील जलाशयात खासगी मोटरबोटीचा विचार सोडूनच द्यावा. तेथील प्रवेश वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वनविभागाच्या परवानगीवर अवलंबून असतो. ज्या जलाशयातून गावाला किंवा शहराला पिण्याचे पाणी जाते, तेथे पेट्रोल आणि ऑइलच्या कारणाने नकार मिळण्याची शक्यता धरून चालावी. नकार मिळाला तर तो लेखी घ्यावा. उत्तरच मिळत नसेल, तर त्या जलाशयात खासगी बोटींना परवानगी देण्याचे धोरण काय आहे याची माहिती १० रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारात मागता येते आणि ३० दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक असते.

कायदा काय सांगतो

नदी, जलाशय आणि तलावात चालणाऱ्या यांत्रिक बोटींना पूर्वी १९१७ चा कायदा लागू होता. त्याच्या जागी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला आणि तो जून २०२२ पासून लागू झाला. या कायद्यानुसार इंजिनावर चालणाऱ्या बोटीला सर्वेक्षण प्रमाणपत्र (बोट तपासून ती चालवण्यास योग्य ठरल्याचा दाखला) आणि नोंदणी प्रमाणपत्र अशी दोन्ही प्रमाणपत्रे लागतात, नोंदणी क्रमांक बोटीवर ठळक लिहावा लागतो आणि विमा उतरवावा लागतो. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. मंडळाचे मुख्यालय मुंबईत आणि त्याची बंदर कार्यालये कोकण किनाऱ्यावर असल्यामुळे भंडारा किंवा गडचिरोलीच्या अर्जदाराला पत्रव्यवहार आणि पाठपुरावा यांसाठी वेळ हाताशी ठेवावा लागतो. बोट प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदवली जाते हा समज चुकीचा आहे. तेथे केवळ बोट वाहून नेणाऱ्या ट्रेलरची नोंदणी होते, कारण ट्रेलर मोटार वाहन अधिनियम, १९८८ खाली येतो.

नव्या कायद्याची एक सोय सीमाभागातील खरेदीदारांना उपयोगी आहे. एका राज्यात झालेली नोंदणी देशभर ग्राह्य धरली जाते आणि नोंदींचा मध्यवर्ती संग्रह ठेवण्याची तरतूद आहे. म्हणजे बालाघाटकडची किंवा तेलंगणातील नोंदणीकृत बोट घेतली तर सगळे पहिल्यापासून करावे लागत नाही, पण मालकी हस्तांतराची नोंद मात्र करावीच लागते. विक्रेत्याने १९१७ च्या कायद्याखालचे जुने प्रमाणपत्र दाखवले, तर त्याची मुदत आणि नव्या नोंदीत ती बोट चढली आहे की नाही, या दोन्ही गोष्टी नोंदणी कार्यालयाकडून पडताळून घ्याव्यात. वल्ह्याच्या साध्या डोंग्याला ही यांत्रिक बोटीची नोंदणी लागत नाही, पण त्याच डोंग्याला मागे छोटे इंजिन बसवले की तो यांत्रिक जलयान ठरतो.

पात्रता आणि कागदपत्रे

अर्जदार भारतीय आणि १८ वर्षे पूर्ण केलेला असावा. अर्ज शक्यतो एकाच व्यक्तीच्या नावाने करावा, कारण भावाभावांच्या संयुक्त नावाने घेतलेली बोट पुढे विकताना प्रत्येकाची सही लागते. खरेदीदाराकडून आधार, पॅन, रहिवासाचा पुरावा आणि छायाचित्रे लागतात, त्यात काही अवघड नाही. खरी छाननी विक्रेत्याच्या कागदांची करायची असते. मूळ नोंदणी प्रमाणपत्र, चालू मुदतीचे सर्वेक्षण प्रमाणपत्र, विम्याची पॉलिसी, बोट बांधणाऱ्याचे बिल किंवा प्रमाणपत्र आणि इंजिनाचे स्वतंत्र बिल पाहावे. बोटीवर कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत प्रमाणपत्रही मागावे.

इंजिनाचे बिल स्वतंत्र मागण्याला कारण आहे. जुन्या बोटीचे मूळ इंजिन बहुधा कधीतरी बदललेले असते आणि नवे इंजिन नोंदणीत चढवलेले नसते. असा बदल नोंदवून घेणे मालकावर बंधनकारक आहे. इंजिनाच्या पट्टीवरचा क्रमांक स्वतः वाचावा आणि प्रमाणपत्राशी ताडून पाहावा. पट्टी घासलेली असेल किंवा तिचे रिव्हेट नवे दिसत असतील, तर सौदा तेथेच थांबवावा. बोलीभावात हजारो रुपये कमी झाले तरी बिनक्रमांकाचे इंजिन स्वस्त पडत नाही. विक्रेता मूळ मालकाचा वारस असेल तर मालकाचा मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती घ्यावी. बोट एखाद्या बंद पडलेल्या बोटिंग ठेक्यातील असेल किंवा शासकीय लिलावातून फिरत आलेली असेल, तर लिलावाची विक्री पावती हाच मालकीचा दुवा असतो. मधल्या एका विक्रीची जरी पावती नसेल, तरी ती बोट नोंदणीच्या दृष्टीने अडकलेली समजावी.

बोटीचे अंग आणि इंजिन

सर्वेक्षक बोट पाहणारच आहे, मग आपण कशाला पाहायची, असे म्हणून चालत नाही. सर्वेक्षण बहुधा पैसे दिल्यानंतर होते आणि त्यात निघालेल्या दुरुस्तीचा खर्च नव्या मालकाच्या माथी येतो.

फायबरच्या बोटीत सर्वांत महाग दुखणे मागच्या उभ्या फळीचे असते. इंजिन तिच्यावरच बसते आणि कारागीर तिला ट्रान्सम म्हणतात. बाहेरून ती फायबरची दिसली तरी आत बहुतेक वेळा प्लायवूड असते, आणि बोल्टच्या भोकांतून वर्षानुवर्षे पाणी झिरपून ते कुजते. हातोडीच्या लाकडी दांड्याने ती फळी इंचाइंचाने ठोकून पाहावी. चांगल्या भागातून टणक आवाज येतो, कुजलेल्या भागातून बद्द. मग इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकाला धरून हलवावे. फळी वाकत असेल किंवा बोल्टाभोवती केसासारख्या भेगा दिसत असतील, तर ती बोट कुटुंबासाठी घेऊ नये. तळावर फोड आले आहेत का, हे पाहण्यासाठी तिरप्या उजेडात हात फिरवावा. विदर्भाच्या उन्हात वर्षभर उघडी राहिलेली बोट खडूसारखी पांढरी पडते, पण ते मुख्यतः वरच्या थराचे दुखणे असून त्याने फार घाबरून जाण्याचे कारण नाही.

तळाखालच्या पोकळीत बोट तरंगती ठेवण्यासाठी फोम भरलेला असतो. तो पाणी पितो, आणि बोट जड होऊन तिची भार पेलण्याची क्षमता घटते. हे डोळ्यांना दिसत नाही. त्यावर आपल्याकडे सोपा उपाय आहे: बोट टेम्पोत टाकून जवळच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर न्यावी, मग रिकाम्या टेम्पोचे वजन करावे आणि आलेला फरक बांधणाऱ्याच्या कागदावरील वजनाशी ताडावा. काट्याची चूक सोडूनही वजन शेकडो किलोंनी जास्त भरत असेल, तर फोम भिजलेला आहे.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहायचे, ही अट आधीच फोनवर सांगावी. आपण पोहोचण्यापूर्वी विक्रेत्याने ते गरम करून ठेवले असेल, तर त्या दिवशी परत यावे. सुरू झाल्यावर थंड करणाऱ्या पाण्याची धार बाजूच्या छिद्रातून सलग पडली पाहिजे. ती अडखळत असेल तर पंपाचा रबरी पंखा झिजलेला असतो आणि तो बदलणे फारसे महाग नसते. गिअरचे ऑइल थोडे काढून पाहावे. ते दुधाळ असेल तर सीलमधून पाणी आत जात आहे आणि हा खर्च मोठा असतो. मेकॅनिककडून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्यावे. आकड्यांत १० टक्क्यांहून अधिक फरक असेल, तर सांगितलेली किंमत मान्य करू नये.

आणखी दोन गोष्टी विशेष सांगण्यासारख्या आहेत. मुंबई-कोकणातून आलेल्या बोटीचे इंजिन खाऱ्या पाण्यात चाललेले असते. त्याच्या पाण्याच्या वाटा आतून खाल्लेल्या असू शकतात, आणि गंजरोधक म्हणून लावलेले जस्ताचे तुकडे आपल्या गोड्या पाण्यात नीट काम करत नाहीत, त्यासाठी मॅग्नेशियमचे लागतात. दुसरे म्हणजे, पंपावर आता इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळते. ते जुन्या इंजिनाचे रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरमधील पडदे मऊ करते, आणि टाकीत महिनोन्महिने राहिले तर ओलावा ओढून त्यातले पाणी खाली बसते. म्हणून जुन्या इंजिनाचे सगळे इंधन पाइप बदलण्याचा खर्च किमतीत धरूनच बोलणी करावी.

इसार, करार आणि अर्ज

इसार द्यायचा तर छोटा द्यावा आणि इसारपावतीत स्पष्ट लिहावे की, सर्वेक्षणात बोट अयोग्य ठरली किंवा मालकी हस्तांतर नाकारले गेले, तर रक्कम परत मिळेल. विक्री करार मुद्रांकावर करावा. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात १०० रुपयांच्या मुद्रांकाची जागा ५०० रुपयांच्या मुद्रांकाने घेतली आहे. करारात बोटीचा नोंदणी क्रमांक, लांबी-रुंदी, इंजिनाचा क्रमांक आणि शक्ती, सोबत मिळणारे साहित्य आणि ताबा देण्याची तारीख यांचा उल्लेख असावा. पैसे बँकेतूनच द्यावेत. दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहेच, पण त्याहून लहान सौद्यातही बँकेची नोंद हा तुमचाच पुरावा असतो.

हस्तांतराच्या अर्जावर विक्रेता आणि खरेदीदार या दोघांच्याही सह्या लागतात, त्यामुळे शेवटचा हप्ता त्या सहीनंतरच द्यावा. अर्ज प्रत्यक्ष दिला तर आवक क्रमांक आणि शिक्का घेतलेली प्रत जपावी, टपालाने पाठवला तर पोचपावती. सर्वेक्षणाच्या दिवशी बोट सुकी, तळ स्वच्छ आणि फळ्या उघडलेल्या स्थितीत ठेवावी. बसणाऱ्या प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट, अग्निशामक, दोरी, नांगर, पाणी उपसण्याचे साधन आणि वल्ही ही सामग्री तेथेच हजर असावी. मुलांसाठी त्यांच्या मापाची जाकिटे घ्यावीत, कारण मोठ्यांच्या जाकिटातून मूल खाली निसटते. प्रमाणपत्रावर जितकी माणसे लिहिली जातील, त्याहून एकही अधिक बसवता येत नाही. अमरावती जिल्ह्यातील झुंज येथे सप्टेंबर २०२१ मध्ये वर्धा नदीत नाव उलटून एकाच वेळी ११ जणांचा जीव गेला, हे आपल्या भागात कोणाला नव्याने सांगायला नको. चालकाच्या पात्रतेची अट बोटीच्या वर्गानुसार लागू होते. मोटारगाडीचा परवाना येथे चालत नाही, म्हणून ही अट नोंदणीच्या अर्जासोबतच लेखी विचारून घ्यावी.

नोंदणी हाती आल्यावर तिची आणि विम्याची प्रत जलसंपदा विभागाच्या स्थानिक शाखा कार्यालयात द्यावी. पावसाळ्यात धरणाची दारे उघडण्याचा इशारा तेथूनच मिळतो, आणि गोसीखुर्दची तर ३३ दारे आहेत. अशा काळात परवानगी असूनही बोट काठावर ओढून बांधून ठेवावी लागते. इंधनासाठी घरी पेट्रोल साठवताना विनापरवाना मर्यादा एकूण ३० लिटरची आहे आणि धातूचा डबा २५ लिटरपेक्षा मोठा चालत नाही. प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल भरून देण्यास पंपचालक नकार देतात, म्हणून झाकणाचा पक्का धातूचा डबा बोटीबरोबरच मागून घ्यावा.