काश्मीर ते कन्याकुमारी रोड ट्रिप

काश्मीर ते कन्याकुमारी रोड ट्रिप, बोलताना नुसतं 'के टू के', म्हणजे श्रीनगरहून निघून राष्ट्रीय महामार्ग ४४ धरायचा आणि देश संपेपर्यंत तो सोडायचा नाही. गाडीच्या मीटरवर हे अंतर साधारण ३,६०० किमी भरतं, वाकड्या वाटा धरल्या तर ४,००० च्या पुढे सहज जातं. हा एकच सलग रस्ता तसा कागदावरचा आहे. २०१० मध्ये महामार्गांचे नंबर बदलले तेव्हा जुना १ए, १, २, ३, ७५, २६ आणि ७ यांचे तुकडे जोडून ४४ हा नंबर दिला, म्हणून जुने ट्रकवाले अजून नागपूर-हैदराबाद रस्त्याला 'सात नंबर' म्हणताना भेटतात.

जाणारे लोक दोन प्रकारचे. एकांना चार-पाच दिवसांत टोक गाठून फोटो टाकायचा असतो, त्यांच्यासाठी ही नोंद नाही, कारण त्यांना आखणी लागतच नाही, डिझेल आणि दुसरा ड्रायव्हर लागतो. दुसरे ते ज्यांना वाटेत बघायचंय. त्यांच्या आखणीचा एकच नियम: आधी थांबे ठरवायचे, मग रस्ता. बहुतेक लोक उलटं करतात, मॅपवर दोन टोकं टाकतात, निळ्या रेषेचे दिवसांनी भागाकार करून जिथे रात्र पडेल तिथलं हॉटेल बुक करतात आणि मग मुक्काम पडतो एखाद्या बायपासवरच्या लॉजमध्ये, अन् बघण्यासारखं गाव दुपारी दोनला काचेतून मागे गेलेलं असतं. ४४ ची गंमत अशी की महामार्गावर स्वतः फार काही नाही, टोल आणि फूडकोर्ट आहेत, जे आहे ते पाच ते तीस किमी आत. तेव्हा कुठे वाट वाकडी करायची आणि कुठे नाही, एवढं ठरलं की निम्मी आखणी झाली.

हिशोब

चौपदरी रस्ता आहे म्हणून ताशी ८० ची सरासरी धरणारा माणूस पहिल्या तीन दिवसांत रडतो. चहा, टोल, डिझेल, गावात शिरणं-निघणं सगळं धरून ५० ते ५५ पडते, डोंगरात ३० सुद्धा. म्हणून मैदानात दिवसाला ४०० किमी आणि काश्मीरच्या भागात २०० ते २५० ही मर्यादा बरी. असे नऊ-दहा गाडी चालवायचे दिवस, चार-पाच थांबायचे आणि एक दिवस पूर्ण रिकामा, दरड कोसळली किंवा पोट बिघडलं तर त्यासाठी. म्हणजे पंधरा दिवस. पुण्या-मुंबईच्या माणसाला त्याआधी श्रीनगर गाठायलाच २,००० च्या वर किमी आहेत आणि कन्याकुमारीहून घरी यायला अजून दीड हजार, हे सुट्टीचा अर्ज टाकताना लोक विसरतात. नागपूरकरांची वेगळीच कोंडी, त्यांचं घरच रस्त्याच्या बरोबर मध्यावर, म्हणजे श्रीनगरहून अर्धी ट्रिप करून आलात की घरी झोपून पुढे निघायचं, आणि घरी झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघत नाही.

महिना निवडणं हे दुसरं अवघड काम, कारण एकाच ट्रिपमध्ये तीन हवामानं येतात. जानेवारीत काश्मीरचा रस्ता बर्फाने बंद पडू शकतो आणि पंजाब-हरियाणात धुकं इतकं की पुढच्या ट्रकचे लाल दिवेसुद्धा दिसत नाहीत. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत तमिळनाडूत परतीचा पाऊस. मे महिन्यात झाशी ते नागपूर म्हणजे भट्टी. उरतं काय, तर सप्टेंबरच्या शेवटी श्रीनगरहून निघणं, नाहीतर मार्च. सप्टेंबरवाला पर्याय जास्त चांगला, केशराची फुलं हुकतील (ती ऑक्टोबरअखेर येतात) पण सफरचंदं मिळतात.

फास्टॅग तर २०२१ पासून सक्तीचाच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये खाजगी गाड्यांसाठी वार्षिक पास निघाला, तेव्हा ३,००० रुपयांना, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष यातलं जे आधी संपेल ते, अशा लांब ट्रिपला तो घ्यावाच. महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३ लावायचा. प्रीपेड सिम बाहेरच्या राज्यातलं असेल तर जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, घरातला एक तरी नंबर पोस्टपेड ठेवा.

श्रीनगर ते दिल्ली

श्रीनगर सोडल्यावर पहिली वाकडी वाट अर्ध्या तासातच. अवंतीपुऱ्याला जुन्या रस्त्यालगत राजा अवंतिवर्म्याने नवव्या शतकात बांधलेल्या मंदिरांचे अवशेष आहेत, आणि पुढे अनंतनागजवळ मट्टनला ललितादित्याचं मार्तंड सूर्यमंदिर. दोन्हीपैकी एकच जमणार असेल तर मार्तंड. मधल्या संगम-बिजबेहाडा पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना विलोच्या लाकडाच्या फळ्या वाळत घातलेल्या दिसतात, या क्रिकेटच्या बॅटी. पोरं बरोबर असतील तर इथे तास गेलाच समजा.

मग डोंगर. काझीगुंड-बनिहाल बोगदा साधारण साडेआठ किमीचा, आणि पुढे चेनानी-नाशरी हा ९ किमीचा, २०१७ मध्ये सुरू झाला आणि त्याने पटनीटॉपचा वळसा धरून जवळजवळ ३० किमी वाचवले. बोगद्यांमुळे लोकांना वाटतं आता हा रस्ता सोपा झाला, पण खरं दुखणं बनिहाल ते रामबनच्या मध्ये आहे, तिथे पाऊस झाला की दरड येते आणि कधीकधी एका दिवशी एकाच बाजूची वाहतूक सोडतात. निघायच्या आदल्या रात्री ट्रॅफिक पोलिसांची सूचना बघितल्याशिवाय हॉटेल सोडायचं नाही आणि जम्मूच्या पुढचं कुठलंही न परतणारं बुकिंग त्या दिवसाचं करायचं नाही. रामबनजवळ पीडा नावाची जागा आहे, नावावर जाऊ नका, तिथला राजमा-चावल वरून साजूक तूप आणि अनारदाण्याची चटणी घालून देतात, त्यासाठी ट्रकवाले भूक राखून ठेवतात.

पठाणकोटला एक निर्णय घ्यायचा असतो. सरळ जालंधरला न जाता गुरदासपूरवरून अमृतसरला जायचं, एक रात्र हरमंदिर साहिब, आणि दुसऱ्या दिवशी जालंधरला पुन्हा ४४ पकडायचा. या अख्ख्या मार्गावर सगळ्यात जास्त परतावा देणारी वाकडी वाट हीच, त्यावर वाद नको. लुधियाना, अंबाला न थांबता.

आता पानिपत. मराठी माणूस इथून आयुष्यात एकदाच जातो आणि तेही वरून, कारण शहरावर लांबलचक उड्डाणपूल आहे आणि तुम्ही गाणी ऐकत दहा मिनिटांत पलीकडे. पूल चढायच्या आधी खाली उतरायचं. काला अंब हे १७६१ च्या लढाईचं स्मारक शहराजवळच आहे, मोठी बाग, एक स्तंभ, बघायला फार काही नाही खरं तर, अर्धा तास पुरतो. पण १४ जानेवारीला तिथे महाराष्ट्रातून माणसं येतात, आणि या भागातला 'रोड' नावाचा समाज आपण पानिपतानंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज आहोत असं सांगतो, त्यांच्यापैकी कोणी भेटलं तर अर्ध्या तासाचे तीन तास होतात. कर्नाल-पानिपत पट्ट्यात रस्त्याकडेला विटांचे जाड गोल बुटके मनोरे दिसतील, ते कोसमिनार, मुघल काळातले मैलाचे दगड, तेव्हाही कोणीतरी अंतराचा हिशोब करतच होतं.

मुरथलला पराठा खाऊन घ्या आणि दिल्लीत शिरू नका. कुंडलीला ईस्टर्न पेरिफेरल एक्स्प्रेसवे धरला की १३५ किमीवर पलवलला परत बाहेर.

पलवल ते नागपूर

आग्रा शुक्रवारी टाळा, ताजमहाल बंद असतो. आखणीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा चुकणारा मुद्दा हा. धोलपूर सोडलं की चंबळ येते, पुलावरून दोन्ही बाजूंचे मातीचे बीहड, म्हणजे खोल घळी, दिसतात, नदीत घडियाल (लांब तोंडाच्या सुसरी) आहेत, सकाळी बोटीतून बघता येतात. मुरैन्याला गजक घ्यायची, ती आपल्या तिळाच्या वडीची श्रीमंत बहीण.

ग्वाल्हेरला एक पूर्ण दिवस. किल्ला, शिंद्यांचा जयविलास राजवाडा, आणि फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी. उत्तरेकडून येताना क्रम उलटा लागतो, आधी समाधी दिसते आणि मग दीड-दोन तासांवर झाशीचा किल्ला, आणि खरं सांगायचं तर या क्रमाने किल्ला बघणं जास्त जड जातं. मध्ये दतियाला बीरसिंहदेवाचा सात मजली महाल आहे, गर्दी शून्य. झाशीत मात्र मुक्काम करू नका, वीस किमीच्या आत ओरछा आहे, बेटवेच्या काठी, छत्र्या (राजांची स्मारकं) आणि राजवाडे, संध्याकाळ तिथे घालवायची. तसं महामार्गांच्या भाषेत झाशीचं महत्त्व वेगळंच, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम हे दोन्ही कॉरिडॉर तिथे एकमेकांना छेदतात.

ललितपूर, सागर, नरसिंहपूर, लखनादौन हा लांब आणि शांत तुकडा आहे, गाडी चालवायला उत्तम, थांबायला फारसं काही नाही, सागरचं तळं सोडल्यास. सिवनीच्या पुढे पेंचचं जंगल लागतं आणि रस्ता खांबांवर चढतो. महाराष्ट्राच्या हद्दीतल्या तुकड्यात प्राण्यांना खालून जायला नऊ पूल-बोगदे आहेत, सगळ्यात मोठा ७५० मीटरचा, आणि त्याखालून वाघ जाताना कॅमेऱ्यात आलेत. वरून आपल्याला काहीच दिसत नाही, हेच त्याचं यश. मधे गाडी थांबवून फोटो काढू नका.

नागपूरला गाडी सर्व्हिसिंगला टाकायची. अर्धं अंतर झालेलं असतं, टायरमधली हवा, ब्रेक, कूलंट बघून घ्यायला यापेक्षा चांगली जागा नाही, भाषा आपली, त्यामुळे मेकॅनिकशी नीट भांडता येतं. तोवर तर्री पोहे आणि झिरो माईलचा खांब.

नागपूरच्या खाली

विदर्भात एकच वाकडी वाट, जामहून वर्ध्याला वळून सेवाग्राम. गांधीजी १९३६ पासून तिथे राहिले, बापूकुटी अजून आहे, आणि शेकडो किमीचा हॉर्न कानात घुमत असताना त्या अंगणात बसलं की कळतं आपण किती आवाजात होतो. पांढरकवडा सोडून पैनगंगा ओलांडली की तेलंगणा, पण आदिलाबादमध्ये मराठी अजून चालते. निर्मलला लाकडी खेळणी आणि चित्रं मिळतात. हैदराबादला बाहेरच्या रिंगरोडने वळसा घाला, बिर्याणीसाठी आत शिरलात तर दिवस गेला. (आम्ही शिरलो होतो. गेला.)

कर्नूलच्या अलीकडे आलमपूर आहे, तुंगभद्रेच्या काठी बदामी चालुक्यांची नवब्रह्म मंदिरं, सातव्या शतकापासूनची, महामार्गापासून जेमतेम दहा-बारा किमी, आणि तरी तिथे गाड्या नसतात. पुढे गुत्ती. हा किल्ला रस्त्यावरूनच दिसतो आणि बहुतेक मराठी गाड्या तो काय आहे हे न कळताच पुढे जातात, मराठा सरदार मुरारराव घोरपड्यांचं हे ठाणं, १७७६ मध्ये हैदरअलीच्या वेढ्यात वरचं पाणी संपलं म्हणून पडलं. चढायला दमवतो, सकाळी लवकरच जा, पाणी स्वतःचं न्या. बंगळुरूच्या आधी कोडीकोंडा चेकपोस्टवरून पंधरा किमीवर लेपाक्षी, विजयनगरच्या काळातलं, जमिनीला जवळजवळ न टेकलेला खांब आणि एकाच दगडातला प्रचंड नंदी. खांबाखालून रुमाल सगळेच घालतात, तुम्हीही घाला, पण छतावरची चित्रं बघायला विसरू नका.

बंगळुरूत ऑफिसच्या वेळेत अडकायचं नसेल तर सकाळी सहाच्या आत आरपार व्हायचं. तमिळनाडूतला रस्ता सरळ आणि वेगवान, फक्त धर्मपुरी-सेलममधला तोप्पूर घाट बदनाम आहे, तिथे उतारावर ट्रकांचे ब्रेक जातात, अंतर ठेवा. दक्षिणेत आखणीचा एक नियम बदलतो: मोठी देवळं दुपारी साडेबारापासून चारपर्यंत बंद असतात, म्हणून गाडी दुपारी चालवायची आणि थांबा सकाळ-संध्याकाळी, उत्तरेच्या बरोबर उलट. मदुराईला मीनाक्षी मंदिरात मोबाइल आत नेऊ देत नाहीत, तो आधीच गाडीत ठेवा, आणि बाहेर आलात की जिगरठंडा, म्हणजे दुधाचं थंड पेय.

एक दिवस हातात शिल्लक असेल तर करूरहून तिरुच्चीमार्गे तंजावर, जवळजवळ १८० किमीची भर पडते. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास सांगणारा लांबच लांब मराठी शिलालेख आहे, १८०३ चा, तंजावरच्या भोसले राजांपैकी सरफोजीराजांनी कोरवलेला. मोडी-बोडी काही नाही, देवनागरीत आहे, अक्षर लावत लावत वाचता येतो, काही ओळी कळतात, काही नाही.

तिरुनेलवेलीचा हलवा संध्याकाळी गरम घ्यायचा. त्यानंतर आरल्वायमोळीच्या खिंडीत पवनचक्क्यांची रांग लागते, वारा गाडीला बाजूने ढकलतो, आणि तासाभरात रस्ता संपतो. कन्याकुमारीत विवेकानंद शिला (१९७०) आणि शेजारी तिरुवल्लुवरांचा १३३ फुटी पुतळा, फेरीची रांग मोठी असते. परत कसं यायचं याची चिंता पुण्या-मुंबईकरांनी करू नये, पनवेलला सुरू होणारा ६६ नंबर इथेच येऊन संपतो, नुसती गाडी फिरवायची. केरळ, गोवा, कोकण, ती ट्रिप वेगळी आणि तिची आखणीही.