संगणकाच्या पडद्यावरील अँटी-ग्लेअर लेप

खिडकी, दिवा किंवा समोर बसलेल्याचाच चेहरा मॉनिटरवर उमटून मजकूर झाकोळू नये, म्हणून पडद्याच्या पृष्ठभागावर केलेली प्रक्रिया. बाजारात या नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी खपतात, आणि त्यांतला फरक खरेदीपूर्वी कळायलाच हवा.

पहिली म्हणजे मॅट पडदा. त्याचा पृष्ठभाग डोळ्यांना न दिसण्याइतका खडबडीत असतो. पडलेला प्रकाश त्यामुळे नाहीसा होत नाही, विखुरतो. दिव्याची रेखीव आकृती जाऊन तिथे पुसट उजेड उरतो. म्हणूनच उजेडाच्या खोलीत मॅट पडद्यावरचा काळा रंग राखाडी वाटतो. खडबडीतपणाचे कण पिक्सेलच्या आकाराजवळ गेले, तर पांढऱ्या पानावर बारीक चमचमही दिसते.

दुसरी, परावर्तनरोधक लेप. साध्या काचेच्या एका पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चतुर्थांशाच्या हिशेबाने ठेवून बसवलेला मॅग्नेशियम फ्लोराइडचा एकच थर हे प्रमाण दीड टक्क्याच्या आत आणतो, कारण थराच्या दोन्ही बाजूंनी परतणारे तरंग एकमेकांना बऱ्याच अंशी नष्ट करतात. जर्मनीच्या झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये भिंगांसाठी विकसित केलेले हे तंत्र पडद्यांवर पुष्कळ उशिरा आले.

नियमांत देशोदेशी मोठा फरक आहे. युरोपीय समुदायाच्या (आजच्या युरोपीय संघाच्या) १९९० च्या निर्देशानुसार कामाच्या जागचा पडदा त्रासदायक प्रतिबिंबांपासून मुक्त असला पाहिजे. ब्रिटनने १९९२ मध्ये, जर्मनीने १९९६ मध्ये त्याला कायद्याचे रूप दिले. अमेरिकेत मात्र अशी सक्ती करणारा केंद्रीय नियम नाही. संगणकावरील कामाच्या जागेसाठीचे तिथले एएनएसआय/एचएफईएस १०० हे मानक ऐच्छिक आहे. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या १९९८ च्या ९२४१-७ या मानकाने प्रतिबिंबांच्या दृष्टीने पडद्यांचे तीन वर्ग पाडले: पहिला सर्वसाधारण कार्यालयासाठी, तिसरा केवळ नियंत्रित प्रकाशासाठी. पांढऱ्यावर काळी आणि काळ्यावर पांढरी अक्षरे यांचा विचार त्यात वेगवेगळा होतो, आणि ते योग्यच आहे; गडद पार्श्वभूमीवर प्रतिबिंब जास्त उठून दिसते. २००८ पासून ९२४१-३०० मालिकेने त्याची जागा घेतली.

युरोपीय निर्देशाचे बंधन नोकरी देणाऱ्या मालकावर आहे, विक्रेत्यावर नाही. त्यामुळे चकचकीत पडद्याचे लॅपटॉप तिथल्या दुकानांत खुशाल विकले जातात. शिवाय निर्देशात कुठल्याही लेपाचे नाव नाही. खिडक्यांना उजेड कमी-जास्त करता येईल अशी आवरणे बसवण्याची अट मात्र स्पष्ट शब्दांत आहे.