पॅरालिसिसनंतरची सुधारणा आम्ही कशी मोजतो
(रुग्ण आणि घरच्या मंडळींसाठी माहितीपत्रक)

अर्धांगवायूच्या रुग्णाकडे आम्ही फिजिओथेरपीसाठी येऊ लागलो की पहिल्याच आठवड्यात घरचे विचारतात, "फरक पडतोय ना?" नुसतं "हो, पडतोय" म्हणून वेळ मारून नेणं आम्हाला पटत नाही. रोज डोळ्यांसमोर असलेल्या माणसातला सावकाश बदल घरच्यांच्या लक्षात येत नाही, आणि आशेपोटी कधी नसलेला बदलही दिसतो. म्हणून पहिल्या भेटीत आम्ही मोजमाप घेतो, दर पंधरा दिवसांनी तेच पुन्हा घेतो आणि आकडे वहीत लिहितो. ती वही तुमच्याच घरी राहते.

चालणं

खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १९९१ पासून जगभर वापरात असलेली ही चाचणी आम्ही घड्याळ लावून घेतो. वेळेइतकंच आमचं लक्ष वळण्याकडे असतं, कारण तोल तिथेच जातो. वळताना किती पावलं पडली, हेही वहीत येतं.

सरळ चालण्याचा वेग सोसायटीच्या पॅसेजमध्ये किंवा गॅलरीत मोजतो. कॅलिफोर्नियातल्या जॅकलिन पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये या वेगाची रोजच्या वावराशी सांगड घातली. १० मीटरला २५ सेकंदांहून जास्त लागत असतील, तर माणूस बहुधा घरापुरताच चालतो. साडेबारा सेकंदांच्या आत आला, तर बाजारहाट, देऊळ, बँक अशा ठिकाणी एकट्याने जाण्याची शक्यता बरीच वाढते.

हात

इथे गफलत जास्त होते, म्हणून थोडं सविस्तर. रुग्ण स्वतः जेवू लागला, शर्टाची बटणं लावू लागला की घरात आनंद होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण ही कामं तो चांगल्या हाताने करत असेल, तर दुखावलेला हात होता तिथेच असू शकतो. जेवण, आंघोळ, जिना अशा रोजच्या कामांचे १०० पैकी गुण देणारी बार्थेल पद्धत आम्ही वापरतोच. पण हाताचं खरं काय चाललंय ते कळण्यासाठी स्वीडनमध्ये १९७५ साली तयार झालेली फुगल-मेयर चाचणी घेतो. तिच्यात हाताच्या हालचालींना ६६ गुण आहेत. हालचाल जमली नाही तर ०, अर्धवट जमली तर १, पूर्ण जमली तर २.

टेबलावरचा पेला घ्यायला सांगितला की बरेच रुग्ण कंबरेतून पुढे वाकतात, खांदा उचलतात आणि पेला पकडतात. पेला हातात आला, पण कोपर उघडलंच नाही. म्हणून आम्ही पाठ खुर्चीला टेकवून पुन्हा करायला सांगतो. त्या वेळी पेल्यापर्यंत हात पोचला नाही, तर कृपया नाराज होऊ नका. पुढचे पंधरा दिवस कोणत्या सांध्यावर मेहनत घ्यायची, हे आम्हाला त्यातूनच कळतं.

तुमची मदत

दर वेळी तीच खुर्ची, तीच चप्पल, शक्यतो तीच वेळ ठेवा. सकाळी ताजातवाना असलेला माणूस आणि संध्याकाळी थकलेला माणूस यांची तुलना होऊ शकत नाही. काठी किंवा पायाचा स्प्लिंट (पावलाला आधार देणारी पट्टी) लागत असेल तर वापरू द्या, आम्ही तशी नोंद करतो. आणि चाचणी चालू असताना रुग्णाला हात देऊ नका, "उठा, उठा" म्हणून घाईही करू नका. पडू नयेत म्हणून आमचा माणूस शेजारीच उभा असतो.

एक-दोन सेकंदांच्या फरकाने हुरळून किंवा खचून जाऊ नका, तेवढं इकडेतिकडे होतंच. सुधारणेचा वेग साधारणपणे पहिल्या तीन महिन्यांत जास्त असतो, नंतर तो मंदावतो, पण थांबतोच असं नाही. आकडे सलग दोनदा हलले नाहीत, तर तसं स्पष्ट सांगतो. मग खांदा दुखतोय का, झोप होतेय का, मन उदास आहे का, हे आधी पाहतो. अर्धांगवायूच्या झटक्यानंतरच्या उदासीवर उपचार आहेत, त्यासाठी डॉक्टरांशी बोलायला संकोच करू नका.

मात्र तोंड अचानक वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा हातापायातली ताकद एकाएकी गेली, तर आमची वाट पाहू नका. त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा आणि लगेच सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.