फ्लीट तुरुंगाचं रंगीत अंगण

लंडनच्या फ्लीट तुरुंगाचं १८०८च्या सुमाराचं एक चित्र आहे. उंच भिंत, तिच्यासमोर रॅकेटने चेंडू टोलवणारे पुरुष, भोवती बघे. खालचं नाव वाचलं नाही तर जिमखानाच वाटावा. प्रकाशक रुडॉल्फ अ‍ॅकरमनच्या ‘मायक्रोकॉझम ऑफ लंडन’ या पुस्तकासाठी इमारती ऑगस्टस प्यूजिनने काढल्या, माणसं थॉमस रोलँडसनने. अ‍ॅक्वाटिंटने, म्हणजे कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून, छापलेल्या प्रतींवर मग हाताने जलरंग भरले. रोलँडसन हाडाचा व्यंगचित्रकार, त्यामुळे थोडी मस्करी आलीच. पण तो खेळ त्याच्या मनचा नाही. आजचं स्क्वॉश ‘रॅकेट्स’ नावाच्या ज्या खेळातून निघालं, तो खेळ याच अंगणांत रुजला.

इथल्या बहुतेकांनी गुन्हा केलेलाच नव्हता. कर्ज थकलं की धनको अटक करवी, आणि देणं फिटेपर्यंत माणूस आत. चोराच्या शिक्षेला निदान मुदत असे. १८३८पर्यंत तर दाव्याचा निकाल लागण्याआधीच, धनकोच्या शपथेवर अटक होई.

वॉर्डनचं, म्हणजे तुरुंगप्रमुखाचं, पद चक्क विकाऊ होतं. १७२८ साली जॉन हगिन्सने ते थॉमस बँब्रिज आणि त्याच्या भागीदाराला ५,००० पौंडांना विकलं. ही रक्कम वसूल कुठून होणार? कैद्यांकडूनच. ऐपतदार ‘मास्टर्स साइड’ला भाड्याची खोली घेई, बाकीचे ‘कॉमन साइड’ला. आणखी पैसे मोजले तर तुरुंगाबाहेर, ठरावीक हद्दीत बिऱ्हाडही थाटता येई. कफल्लकांसाठी रस्त्याकडे एक जाळीची खिडकी होती; तिच्यामागे बसून कैदी येणाऱ्याजाणाऱ्यांकडे भीक मागत. अंगणाच्या या चित्रात ती दिसत नाही.

रॉबर्ट कॅस्टेल या वास्तुतज्ज्ञाकडे बँब्रिजला द्यायला पैसे उरले नाहीत, तेव्हा त्याला देवीची साथ असलेल्या घरात डांबलं. तो तिथेच देवी येऊन वारला. त्याचा मित्र जेम्स ओगलथॉर्प खासदार होता, म्हणून १७२९मध्ये संसदेची चौकशी बसली. बँब्रिजची वॉर्डनकी गेली. खुनाच्या खटल्यातून मात्र तो सुटला. तुरुंग पुढेही शंभरावर वर्षं चालला, १८४२ला बंद झाला आणि १८४६ला पाडला गेला.

इंग्लंडात १८६९च्या कायद्याने कर्जापायी होणारी कैद बहुतांशी संपवली. मुंबई इलाख्यात मात्र कोर्टाच्या हुकूमनाम्यावर जप्तीही होई आणि कैदही. १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, दंगे पुणे-नगर भागात पसरले. त्यानंतरच्या १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैद करणं बंद केलं. दिवाणी कैद मात्र आपल्याकडे अजून कायद्यात आहे. देणं परवडत नाही एवढ्यावरून कोणाला आत टाकता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८०मध्ये बजावलं. ऐपत असून टाळणारा आत गेलाच, तर त्याच्या जेवणाखाणाचा भत्ता धनकोनेच आधी कोर्टात भरायचा असतो.